शिडाच्या बोटीच्या इंजिनातली डिझेल गळती: आधी शोधा, मग पाना उचला

केबिनमध्ये उतरताच डिझेलचा वास येतो. बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागातल्या, पाण्यावर रंगीत तवंग असतो किंवा इंजिनाखालच्या तबकात काहीतरी साचलेलं दिसतं. अशा वेळी नवखा माणूस बहुधा पाना घेतो आणि दिसेल तो नट आवळत सुटतो. कृपा करून हे करू नका. इंधनाच्या सांध्यांची गळती नुसतं आवळून क्वचितच थांबते. वॉशर एकदा दबून कडक झाला असेल, तर जास्त जोर लावल्यावर आटे जातात किंवा पोकळ बोल्ट मोडतो, आणि थेंबाथेंबाने गळणारं डिझेल धारेने वाहू लागतं. या कामातला मोठा वाटा शोधण्याचा आहे. जागा नक्की सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा एका वॉशरवर, एका ओ-रिंगवर (गोल रबरी कडीवर) किंवा हातभर नळीवर भागते.

थोडंसंच गळतंय म्हणून सोडूनही देऊ नका. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर किरकोळ वाटतं, पण त्या हिशेबाने दिवसाला चार लिटरच्या आसपास डिझेल जातं. डिझेल पेट्रोलसारखं पटकन भडकत नाही. ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ ठिणगीने पेटत नाही. पण बारीक फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर आग लागू शकते. शिवाय इंजिन ज्या रबरी पायांवर बसलेलं असतं, ते रबर डिझेलमध्ये भिजून फुगतं आणि मऊ पडतं. मग इंजिन हलतं, पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टची रेषा बिघडते आणि दुरुस्ती भलतीकडेच वाढते.

डिझेल कोणत्या वाटेने जातं

इंजिनासमोर बसून ही वाट एकदा बोटाने दाखवत जा, हवं तर कागदावर काढा. टाकीतून डिझेल निघतं, बंद करायच्या कॉकमधून पुढे येतं आणि पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरमध्ये जातं. तिथून फीड पंप ते ओढतो आणि इंजिनावरच्या दुसऱ्या, बारीक फिल्टरकडे ढकलतो. मग इंजेक्शन पंप, त्यातून निघालेले जाड भिंतीचे स्टीलचे पाइप आणि शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल बारीक परतीच्या नळीने फिल्टरकडे किंवा टाकीकडे परत येतं.

या वाटेचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भाग वेगळ्या रीतीने बिघडतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, म्हणून तिथला सैल सांधा इंजिन चालू असताना डिझेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेतो. फीड पंपापासून इंजेक्शन पंपापर्यंत थोडासा दाब असतो. इथे डिझेल बाहेर पाझरतं आणि सहज दिसतं. इंजेक्शन पंपाच्या पुढे मात्र दाब प्रचंड असतो. जुन्या साध्या इंजिनांत इंजेक्टर साधारण १५० ते २०० बारच्या आसपास उघडतात, तर कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांत) दाब हजार बारच्या वर जातो.

म्हणून एक नियम इथेच सांगतो, आणि त्याला अपवाद नाही. इंजिन चालू असताना जाड पाइपांवर किंवा इंजेक्टरांजवळ हात फिरवून गळती शोधायची नाही. डोळ्यांना न दिसणारा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल मांस नासवतं. असं झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि 'दाबाखालचं इंधन आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. शोधायचंच असेल तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पाइपांजवळून फिरवा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

हात घालण्याआधी

इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि टाकीचा कॉक बंद करा. बिल्जचा पंप आपोआप चालू होणारा असेल तर तो बंद ठेवा. नाहीतर तुम्ही इंजिनाशी झटत असताना तो सगळं डिझेल समुद्रात ओतेल. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल नियमांत बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या तेलाची मर्यादा दहा लाख भागांत १५ इतकी कडक आहे. पाण्यावर तवंग दिसतोय म्हणजे ती मर्यादा ओलांडली गेली असण्याची शक्यता मोठी. त्या तवंगावर भांडी घासायचा साबणही ओतू नका. तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल पाण्यात खाली मिसळतं आणि जास्त अपाय करतं. पंप बंद आहे तोवर बोट सोडून जायचं नाही, आणि काम संपलं की तो परत चालू करायचा. हे विसरू नये म्हणून स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा.

इंजिनाखाली तेल शोषणारे पॅड पसरा. हे पॅड पाणी न घेता फक्त डिझेल शोषतात. हातात नायट्राइलचे मोजे घाला. आता डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी बघा. पातळी आपोआप वाढली असेल, ऑइल पातळ वाटत असेल किंवा त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गळती बाहेर नाही, आत आहे. फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा इंजेक्शन पंपाचं सील गेलं असेल. अशा वेळी इंजिन अजिबात चालू करायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही, आणि ऑइल फारच वाढलं तर इंजिन तेच इंधन म्हणून ओढून बेफाम धावू शकतं.

गळती कुठे आहे हे नक्की करणं

डिझेल खाली वाहतं, पाइपाच्या अंगाने सरकतं आणि इंजिनाच्या थरथरीने पसरतं. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथे गळती असतेच असं नाही. किंबहुना बऱ्याचदा नसतेच. तुम्हाला सगळ्यात वरची ओली जागा शोधायची आहे.

आधी सगळं स्वच्छ करा. इंजिन गार असताना ग्रीस काढणारं द्रावण ब्रशने लावा, चिंध्यांनी पुसा, कोनाकोपऱ्यांत कागद खुपसून कोरडं करा. तास-दोन तास यात गेले तरी हरकत नाही, कळकट इंजिनावर गळती सापडत नाही. मग प्रत्येक संशयित सांध्याभोवती पांढऱ्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून कडी करा. फिरत्या पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून कागद दूर ठेवा. जिथे कागद बसत नाही तिथे टाल्कम पावडर भुरभुरा. पावडरीवर डिझेलची गडद रेघ लगेच उमटते आणि तिचं वरचं टोक तुम्हाला जागा दाखवतं.

आता एकेक टप्पा घ्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर कागद बघा. पहिल्यांदा इंजिन बंदच ठेवून फक्त टाकीचा कॉक उघडा आणि तासभर थांबा. टाकी इंजिनापेक्षा उंच असेल तर नुसत्या उंचीच्या दाबानेच पहिला फिल्टर आणि त्यापर्यंतच्या नळ्या गळू लागतील. दुसऱ्यांदा फीड पंपाची हाताची दांडी वीस-पंचवीस वेळा मारा. दुसऱ्या फिल्टरचे आणि इंजेक्शन पंपाकडे जाणारे सांधे आता दाबाखाली येतील. तिसऱ्यांदा इंजिन सावकाश चालवा आणि टॉर्चने लांबूनच बघा. चौथ्यांदा बोट धक्क्याला पक्की बांधून, गिअर घालून इंजिनावर थोडा भार द्या. ज्या टप्प्यावर कागद पहिल्यांदा ओला झाला, त्या टप्प्याच्या भागात गळती आहे.

शिडाच्या बोटीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कलणं. धक्क्यावर सगळं कोरडं, पण बोट एका बाजूला कलवून काही तास शिडांवर चालवली की बिल्जमध्ये डिझेल, असं होत असेल तर इंजिनाकडे बघूच नका. टाकीच्या माथ्यावरचे सांधे तपासा: पातळी दाखवणाऱ्या सेंडरचं गॅस्केट, तपासणीचं झाकण, भरण्याच्या नळीचा क्लॅम्प, हवेची नळी. टाकी सरळ उभी असताना हे सांधे डिझेलच्या वर असतात, कलली की बुडतात. टाकी गळ्यापर्यंत भरल्यावरच वास येत असेल तरी तेच कारण. उन्हात डिझेल फुगतं हेही लक्षात असू द्या. शंभर लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर साधारण दीड लिटरने वाढतं आणि ते कुठून तरी बाहेर येतंच.

न दिसणारी गळती

एक थेंबही पडत नाही, पण इंजिन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं नीट चालतं, मग आवाज वरखाली होतो आणि ते बंद पडतं. नळ्यांतली हवा काढली (रीत पुढे दिली आहे) की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. ही हवा ओढणारी गळती आहे आणि नवख्यांना सगळ्यात जास्त हीच छळते.

इथे वाट दोन भागांत तोडणं हा सरळ उपाय. स्वच्छ डिझेलचा छोटा डबा इंजिनाच्या पातळीपेक्षा वर नीट बांधा आणि त्यातून नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. परतीची नळीही त्याच डब्यात सोडा. आता हवा काढून इंजिन अर्धा तास चालवा. नीट चाललं तर दोष टाकी ते फीड पंप या भागात आहे. बंद पडलं तर पुढे. मागे असेल तर डबा पहिल्या फिल्टरच्या आधी जोडून तोच प्रयोग पुन्हा करा. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घातला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, पण तो तुकडा फक्त तपासणीपुरता. नंतर काढायचाच.

पहिल्या संशयित जागा ठरलेल्या आहेत: पहिल्या फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, त्याच्या भांड्याखालचा पाणी काढायचा कॉक, आणि टाकीतल्या ओढनळीच्या माथ्याचा सांधा.

पोकळ बोल्टचे सांधे

लहान इंजिनांवर नळी जोडायला बहुतेक ठिकाणी बँजो असतो: गोल डोक्याची जोडणी, तिच्यातून जाणारा पोकळ बोल्ट आणि दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर. तांबं दाबलं की कडक होतं. म्हणून वापरलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

बोल्ट सोडा आणि जुने दोन्ही वॉशर हातात आले का ते मोजा. एक हमखास बँजोच्या तळाला किंवा पंपाच्या अंगाला चिकटून राहतो. काळा पडलेला असल्याने तो त्या भागाचाच वाटतो. नखाने कड चाचपा, पातळ पात्याने अलगद उचला. तो तसाच ठेवून वर नवा घातला तर सांधा कधीच बंद होणार नाही. मग दोन्ही सपाट पृष्ठांवरून नख फिरवा. आडवा ओरखडा लागला तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून बँजोचं तोंड त्यावर इंग्रजी आठच्या (8) आकड्यात हलकेच घासा, मग स्वच्छ धुवा.

नवीन वॉशर बरोबर मापाचे घ्या. नसतीलच तर जुना तांब्याचा वॉशर ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, काजळी पुसा. तांबं पुन्हा मऊ होतं. हे काम बोटीत नको, बाहेर मोकळ्यावर करा. बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा. नळी एका हाताने धरून ठेवा म्हणजे बँजो सोबत फिरणार नाही.

पांढरी टेफ्लॉन टेप इथे लावायची नाही. बँजो आणि फ्लेअरचे (पाइपाचं टोक पसरवून केलेले) सांधे आट्यांवर बंद होत नाहीत, पृष्ठांवर बंद होतात. टेपचा कपटा सुटून आत गेला तर तो थेट इंजेक्टरपर्यंत पोचू शकतो. निमुळत्या आट्यांच्या सांध्यालाच इंधनाला टिकणारं द्रव सीलंट लावा, आणि तेही पहिले दोन आटे सोडून.

फिल्टर, नळ्या आणि ओ-रिंगा

फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुनी रिंग आतच राहिली आहे किंवा एखादी रिंग लावायची राहून गेली आहे. काही फिल्टरांना वर-खाली आणि मधल्या बोल्टला अशा तीन-चार वेगवेगळ्या रिंगा असतात. नवीन घालताना प्रत्येक खाच बोटाने तपासा, रिंगेला डिझेलचा हात लावा आणि मग बसवा.

रबरी नळी वाकवून बघा. तडे दिसले, कडक झाली असेल किंवा पुसल्यावर बोटांना सतत ओलं लागत असेल तर बदला. क्लॅम्प आवळून म्हातारी नळी सुधारत नाही. नवी नळी इंधनासाठीचीच हवी, बोटीच्या इंजिनखोलीसाठी आगीला टिकणारी, अंगावर आयएसओ ७८४० छापलेली. पाण्याची नळी डिझेलने काही महिन्यांतच खराब होते. कापताना टोक काटकोनात कापा आणि नळी तोंडावर पूर्ण चढल्यावरच क्लॅम्प आवळा.

जुन्या ओ-रिंगांबद्दल एक माहिती उपयोगी पडेल. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या नायट्राइल रिंगा आकसल्या आणि पंप गळू लागले. इंधनाची घडण बदलली की जुनं रबर असं दगा देतं. जैवडिझेल मिसळलेलं इंधन वापरत असाल तर व्हायटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या रिंगा घ्या.

जास्त दाबाचे पाइप आणि पंप

इथे करण्यासारखं थोडं आहे. इंजेक्टरवरचा नट पाझरत असेल तर इंजिन बंद करून नट पूर्ण सैल करा, पाइपाचं टोक आणि बैठक पुसा, पाइप ताण न देता सरळ बसवा आणि दोन पान्यांनी आवळा, एक नटावर आणि दुसरा खालच्या भागाला धरून. पाइपाला चीर असेल तर नवा पाइपच. डाग देणं नाही, टेप नाही. चीर बहुतेक वेळा पाइप बांधणारी कडी हरवल्यामुळे पडते, म्हणून कड्याही परत लावा.

इंजेक्टरच्या माथ्यावरची परतीची नळी कमी दाबाची असते. तिचे छोटे नट जोर लावला की मोडतात, तेव्हा हलक्या हाताने.

इंजेक्शन पंपाच्या अंगातूनच पाझर असेल तर तो उघडू नका. आतले भाग अतिशय सूक्ष्म मापाचे असतात, ते काम डिझेल पंपाच्या कार्यशाळेचं. यात कमीपणा नाही. फीड पंप मात्र दोन बोल्टचा असतो आणि तुम्ही स्वतः बदलू शकता. ऑइलमध्ये डिझेल गेलं असेल तर फीड पंपासोबत ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला.

हवा काढणं

कोणताही सांधा उघडला की हवा शिरते. कॉक उघडा, दुसऱ्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाची दांडी मारा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू बंद करा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, त्याच रीतीने. दांडीला काहीच जोर लागत नसेल तर आतला कॅम वर आला आहे. इंजिन एक फेरा फिरवा, दांडी काम करू लागेल.

तरीही सुरू होत नसेल तर इंजेक्टरांचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. आणि स्टार्टर वारंवार मारायची वेळ आली तर आधी समुद्राचं पाणी आणणारा सीकॉक बंद करा. इंजिन सुरू न होता फिरत राहिलं तर पाण्याचा पंप एक्झॉस्टमध्ये पाणी भरत राहतो आणि ते मागे सिलिंडरमध्ये शिरतं. डिझेल गळतीची साधी दुरुस्ती करताना इंजिन कायमचं गमावण्याची हीच वाट आहे. इंजिन पेटताक्षणी सीकॉक उघडा आणि मागून पाणी पडतंय का बघा.

समुद्रात असताना गळाली तर

आधी शिडं उभारा आणि किनाऱ्यापासून, खडकांपासून मोकळ्या पाण्यात जा. घाई इंजिनाला असते, शिडांच्या बोटीला नाही. कमी दाबाच्या नळीला चीर असेल तर चिरलेला भाग कापून त्यावर इंधनाच्या नळीचा तुकडा आणि दोन क्लॅम्प लावून बंदरापर्यंत जाता येतं. स्वतःला चिकटणारी रबरी टेपही थोडा वेळ साथ देते. एकापेक्षा जास्त सिलिंडरच्या साध्या, जुन्या इंजिनात जास्त दाबाचा एक पाइप फुटला तर तो पंपाकडून सोडून, तिथून येणारं डिझेल बाटलीत धरून उरलेल्या सिलिंडरांवर हळू चालवता येतं. पंपाचं ते तोंड बंद मात्र करायचं नाही, पंप मोडेल. कॉमन रेल इंजिनावर हा उपाय मुळीच करू नका.

शेवटची तपासणी

दुरुस्तीनंतर नव्या टिश्यूच्या कड्या गुंडाळा, इंजिन भारावर तासभर चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग बघा. काही सांधे गरम असताना कोरडे असतात आणि गार झाल्यावर पाझरतात. पुढच्या सफरीत बोट दोन्ही बाजूंना कलवून झाली की पुन्हा एकदा बघा. इंजिनाखाली स्वच्छ पांढरा पॅड कायम ठेवा. डिझेल, ऑइल की पाणी, आणि कोणत्या टोकाला, हे तो पहिल्या थेंबालाच सांगतो. भिजलेले पॅड कचऱ्यात नाही, तेलाच्या कचऱ्यासाठी ठेवलेल्या डब्यातच टाका. आणि बोटीवर एक डबी ठेवा: तुमच्या इंजिनाच्या मापाचे तांब्याचे वॉशर, दोन्ही फिल्टर रिंगांसकट, मीटरभर इंधनाची नळी, चार क्लॅम्प आणि फीड पंपाचं गॅस्केट.